भज्यांच्या तेलावर शिनोली

आमच्या डिंगोऱ्यात गेणभाऊंची ओळख करून देताना लोक दोन गोष्टी सांगत. पहिली, ओतूरच्या स्टँडवर हा माणूस ओरडून पॅसेंजर गोळा करत नाही. जीपला टेकून नुसता उभा राहतो आणि जीप आपोआप भरते. दुसरी, भरलेल्या जीपमध्ये सगळं गाव असतं, फक्त याची बायको नसते.

गेणभाऊ माझे चुलते. सगळं गाव त्यांना गेणभाऊ म्हणतं म्हणून मीही तेच म्हणतो, आणि त्यांचं त्याला काही म्हणणं नसतं. त्यांची बायको ठकूबाई, म्हणजे माझी काकी. काकीला गाडी लागायची. साधीसुधी नाही. एसटीचा धूर लांबून दिसला तरी ती पदर नाकाला लावायची. बाजारच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन ती ओतूरला पायी निघायची आणि मागून गेणभाऊंची जीप यायची. तिच्याजवळ आली की जीप हळू व्हायची, डबक्यातलं पाणी तिच्या लुगड्यावर उडू नये एवढी हळू. काकी हातानेच ‘जावा, जावा’ करायची. जीप पुढं जायची. आत कुणीतरी हमखास विचारायचं,

"काय गेणभाऊ, घरच्यांना पण भाडं लावता का काय?"

"त्यांचा पास संपलाय," गेणभाऊ म्हणायचे आणि गिअर टाकायचे.

काकीचं म्हणणं एकच. डिझेलचा वास. तो वास तिला गाडीत यायचा, गाडीवरून आलेल्या नवऱ्याला यायचा, त्याच्या शर्टाला यायचा. गेणभाऊ संध्याकाळी घरी आले की आधी मागच्या अंगाला न्हाणीत जायचे, कपडे बाहेरच्या बाहेर काढून ठेवायचे आणि मग माणसात यायचे. त्यांचे शर्ट धुवायचा दगडसुद्धा वेगळा होता. वीस वर्षं जीप चालवून, रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठ करून, या माणसाला आपल्या बायकोला कुठं नेता येत नव्हतं. हे त्यांना लागायचं. बोलायचे नाहीत, पण जीप धुताना इतरांपेक्षा जास्त वेळ धुवायचे, त्यावरून कळायचं.

काकीचं माहेर शिनोली, घोडेगावच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्याला. तिथं तिची आई ठमाबाई. म्हातारीचे गुडघे गेल्यापासून तिचं इकडं येणं बंद झालं होतं आणि काकीचं तिकडं जाणं तर त्याच्या आधीच. शेवटची एसटीनं गेली तेव्हा माहेरच्या दारात ती भावाच्या खांद्यावर हात टाकून उतरली आणि सगळी नागपंचमी अंथरुणावर पडून काढली. बाकीच्या माहेरवाशिणी झोके घेत होत्या, फेर धरत होत्या, आणि ही आत पाटीत तोंड घालून. तेव्हापासून तिनं सांगून टाकलं होतं, "जाईन तर माझ्या पायांनी घरात शिरंन. असं मुडद्यावानी न्हाई जायाची."

त्या वर्षी तिचा भाऊ बहिरू आषाढात येऊन गेला. जाताना म्हणाला, "आई इचारती, औंदा पंचमीला ठकू येती का. पुढच्या पंचमीला मी असंल नसंल, म्हनती."

गेणभाऊ उठून बाहेर गेले आणि धुतलेली जीप परत धुवायला लागले.

आता इथं माझा प्रवेश होतो. मी गोरख, ओतूरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेलो. पदवी मिळाल्यापासून मी एकाही गोष्टीचा शोध लावलेला नव्हता, नोकरीचा तर नाहीच. तरी गावानं मला ‘सायंटिस’ ही पदवी दिली होती आणि मी ती गांभीर्यानं घेतली होती. दोन हजार तीन-चारचा तो सुमार. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत तेव्हा वनस्पती तेलावर चालणाऱ्या गाड्या, करंजाचं तेल, एरंडाची लागवड, असलं काही ना काही छापून येत असे. मी ते सगळं वाचायचो आणि पारावर सांगायचो. पारावरची माणसं ऐकायचीही, कारण पत्ते पिसायला तेवढा वेळ लागायचाच.

त्या संध्याकाळी मी गेणभाऊंपाशी गेलो.

"गेणभाऊ, काकीला गाडी लागत नाही. गंधक लागतं."

त्यांनी फडकं पिळलं. "मंजी?"

"डिझेलमध्ये गंधक असतं. ते जळालं की नाकात झोंबणारा वायू होतो. काकीला तो सहन होत नाही. वनस्पतीच्या तेलात गंधक नसल्यातच जमा. डिझेलच्या जागी तेल घातलं, की वास गेला. वास गेला की ओकारी गेली. ओकारी गेली की काकी शिनोलीला गेली."

समीकरण इतकं सरळ सुटलं की मलाच माझा अभिमान वाटला. शिवाय पर्यावरणही होतंच. मी त्यांना ते समजावून सांगितलं. डिझेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेले बारीक बारीक जीव. गाळाखाली दाबून, शिजून त्यांचं तेल झालं. त्यातला कार्बन तेव्हापासून जमिनीखाली गप पडला होता. आपण तो उकरून हवेत सोडतो आणि हवा तापवतो. भुईमुगाच्या तेलातला कार्बन मात्र मागच्या खरिपापर्यंत हवेतच होता. झाडानं ओढून घेतला, आपण जाळून परत दिला. भर काही पडली नाही.

गेणभाऊंनी शांतपणे ऐकलं. "आन् त्या मेलेल्या जीवांचा वास तुझ्या काकीला येतो."

"हां."

"कोट्यवधी वर्षांचा."

"हां, म्हणजे तसंच म्हणा."

"मंग नाक भारीच हाय तिचं," ते म्हणाले. मग फडकं झटकून म्हणाले, "पंचमीपतोर जमंल का?"

मी जमेल म्हणालो. बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलमध्ये माझी बुरेट रोज गळायची, हे त्यांना माहीत नव्हतं.

तेलाचा प्रश्न साळुबाईनं सोडवला. ओतूरच्या स्टँडमागं तिची भज्यांची गाडी होती. तळून तळून काळं झालेलं तेल ती गटारात ओतायची. त्या गटारावर कायम एक चकचकीत साय असायची आणि त्यात डुकरंसुद्धा नाक घालत नसत. मी तिला म्हणालो, तेल आम्हाला द्या.

"कशाला रे बाबा? पोट बिघडंल."

"जीपला पाजायचंय."

"जीपचं बिघडंल मंग," ती म्हणाली, पण डबा भरून दिला.

पहिला प्रयोग मी शास्त्रशुद्ध केला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणं तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं, म्हणजे तेलाचा दाटपणा जातो, तळाशी ग्लिसरीन बसतं आणि वर डिझेलसारखं पातळ इंधन तरंगतं. तेल मात्र कोरडं पाहिजे. साळुबाईच्या तेलात कांद्याचं पाणी, बटाट्याचं पाणी आणि स्टँडच्या पत्र्यातून गळणारं पावसाचं पाणी, असं सगळं होतं. मी गाळून घेतलं म्हणजे झालं अशा समजुतीत होतो. सकाळी बघतो तर बादलीत इंधन नाही, ग्लिसरीन नाही. पिवळसर, घट्ट, थरथरणारा एक गोळा. काकीनं त्याला बोट लावलं, चोळलं, फेस आला.

"आरं, साबण हाय हा."

होताच. पाण्यामुळं सगळ्याचा साबण झाला होता. काकीनं मोठ्या कौतुकानं गेणभाऊंचा एक शर्ट त्याने धुतला. डाग निघाला. शर्टाच्या बाह्यांचा रंगही निघाला, आणि जे उरलं त्याला कांदाभज्यांचा वास. ते घालून गेणभाऊ एक दिवस स्टँडवर गेले तर तीन कुत्री जीपमागं बसली. सोड्यानं हाताची साल निघेल म्हणून मी तो गोळा खड्ड्यात पुरायला लावला. माझ्या संशोधनातला तो एकमेव पुरावा.

मग आम्ही अन्सारभाईंकडं गेलो. अन्सारभाई ओतूरचे डिझेल मिस्त्री. माणूस हुशार, पण त्यांच्या बोलण्यातलं किती घ्यायचं आणि किती सोडायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं. त्यांनी दुरुस्त केलेलं एक इंजिन म्हणे मालकानं बंद करायचं ठरवलं तरी बंद होत नव्हतं.

"तेलावर चालवायचंय?" ते म्हणाले. "अरे बाबा, हे इंजिन पहिल्यांदा लोकांना दाखवलं तेव्हा शेंगदाण्याच्याच तेलावर चालवून दाखवलं होतं. डिझेल नंतर आलं. इंजिनाला नाक नसतं. प्लग नाही, ठिणगी नाही. हवा एवढी दाबायची की ती तापून लाल, मग त्यात जे उडवाल ते पेटतं. तू उडवलास तर तूही पेटशील."

"मग अडचण काय?"

"घट्टपणा. थंड तेल नोझलमधून उडत नाही, ठिबकतं. त्याला तापवायचं."

त्यांनी तापवायची युक्ती केली. रेडिएटरकडं जाणाऱ्या गरम पाण्याच्या पायपाला तेलाची तांब्याची नळी गुंडाळली. तेलासाठी वेगळा कॅन. त्याला जागा पुढं नव्हती, म्हणून तो मागच्या बाकाखाली बसवला. पुढं डाव्या सीटच्या पायापाशी एक कॉक. एकीकडं फिरवला की डिझेल, दुसरीकडं फिरवला की तेल. आणि नियम त्यांनी मला तीनदा म्हणायला लावला: सुरू डिझेलवर, गरम झाली की तेलावर, बंद करायच्या आधी परत डिझेलवर. तसं नाही केलं तर तेल नळीत आणि फिल्टरमध्ये राहतं आणि गार झालं की गोठतं.

"एवढं लक्षात राहील?" त्यांनी विचारलं.

मी बी.एस्सी. झाल्याचं सांगितलं.

"ते कळलं. लक्षात राहील का?"

जीप चालली. खरंच चालली. डिंगोरे ते ओतूर एकदम मऊ आवाजात, मागं काळ्या धुराऐवजी फिकट पांढुरकी रेघ. आणि वास. रस्त्याकडेला भांगलणाऱ्या बायका माना वर करून बघायच्या. जीपमधून ओतूरला उतरलेली माणसं कामाला न जाता सरळ साळुबाईच्या गाडीवर जायची आणि का आलो हे त्यांना सांगता यायचं नाही. साळुबाईचा धंदा वाढला, म्हणून तेल वाढलं. क्षणभर मला वाटलं, जगाचा इंधनप्रश्न सुटला.

मग मी हिशेब केला. साळुबाईचं दिवसाचं तेल जीपच्या जेमतेम एका खेपेला पुरत होतं. गेणभाऊंची एकटी जीप दिवसभर त्यावर चालवायची तर ओतूरच्या एकूण एक माणसानं सकाळ-संध्याकाळ भजी खायला हवी होती, तान्ही पोरं आणि पथ्यावरचे म्हातारे धरून. सगळ्या तालुक्याच्या जीपा चालवायच्या तर शेतं भुईमुगाची करून खायचं काय, हा प्रश्न उरायचा. पुरवणीत हे छापलं नव्हतं. मी पारावर जगाबद्दल बोलायचं बंद केलं आणि साळुबाईचं तेल शिनोलीसाठी साठवायला लागलो.

काकीची चाचणी आम्ही अंगणात घेतली. जीप तेलावर सुरू, काकी मागच्या बाकावर, मांडीवर परडीत घेवडा. ती निवांत शेंगा निवडत बसली. परडी संपली तरी तिला काही झालं नाही. फक्त म्हणाली, "भूक लागली बाई."

"बघा," मी गेणभाऊंना म्हणालो, "सिद्ध झालं."

गाडी उभी होती, ही बारीकशी गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानात आली नाही.

पंचमीच्या दिवशी सकाळीच निघालो. आदल्या दिवशी निघणार होतो, पण पावसानं झोडपलं होतं. काकी नवं हिरवं लुगडं नेसली होती, पाटीत आईसाठी चोळीचा खण आणि लाह्या. जीपपाशी आली आणि थबकली.

"गोरख, आज पंचमी हाय. आज चिरायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई, तळायचं न्हाई. नागाला चटका बसतो. आन् आपण तळणीच्या तेलावर जायाचं?"

"काकी, आपण कुठं तळतोय? आणि शिनोलीत शिरायच्या आधी मी डिझेलवर घेतो. वाससुद्धा यायचा नाही."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी आत्मविश्वासानं मान हलवली.

बसायची जागा कुणी ठरवली नाही, ती ठरलेलीच होती. जीपची पुढची सीट मानाची. तिथं गुरुजी बसायचे, ग्रामसेवक बसायचा, कुणी पाव्हणा बसायचा. बाया मागं, आडव्या बाकांवर, समोरासमोर. बायकोला शेजारी बसवून गाडी हाकणारा माणूस आमच्याकडं कुणी पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर वर्षभर विसरला नसता. तेव्हा काकी आपणहून मागं चढली, कॅनवरच्या बाकावर. पुढं मी. कारण कॉक माझ्या ताब्यात, आणि एकूण मोहीमच माझी.

बनकर फाट्यापर्यंत सगळं ठीक होतं. गणेशखिंडीची वळणं सुरू झाली, मी कॉक तेलावर घेतला. धुकं उतरलं होतं. मी गेणभाऊंना ज्वलनाबद्दल काही सांगत होतो. तेवढ्यात मागून टपावर थाप पडली. आणखी एक पडली.

"थांबवा."

जीप थांबेपर्यंत काकी मागच्या मागं उतरली होती. कडेच्या दगडाला धरून तिनं सकाळचा चहा काढला, मग चहाच्या आधीचं काही असेल ते काढलं. गेणभाऊ तिच्या पाठीवर हात ठेवून उभे. मी तांब्या घेऊन उभा. शास्त्र कुणीकडं उभं होतं मला माहीत नाही.

"गंधक तर नाहीये," मी पुटपुटलो.

काकीनं चूळ भरली. तोंडावरून पदर फिरवला. डोळे लाल झाले होते. "मला घरी सोडा," ती हळू म्हणाली. "भज्यांनी पण वकारी येती मला, डिझेलनी पण येती. वासाचं खापर मी उगंच फोडलं. माझंच काहीतरी हाय. आईला सांगा, आली व्हती निम्म्यात."

खाली दरीत धुक्यात जुन्नर कुठंतरी होतं. शिनोली त्याच्याही पलीकडं. वीस वर्षांत त्यांनी हजारो माणसं या ना त्या गावाला पोचवली असतील, आणि आता निम्म्या रस्त्यातून गाडी माघारी फिरवायची. तीही हिला घेऊन. ते जीपपाशी आले, बॉनेटवर हात ठेवला आणि उभे राहिले. मग माझ्याकडं वळले.

"गोरख, मागं जा."

"कॉक कोण फिरवणार?"

"मागं जा म्हनलं."

मी मागं गेलो. त्यांनी पुढचं डावं दार उघडून धरलं. "ये, हितं बस."

"फुडं?" काकी दोन पावलं मागं सरकली. "लोकं काय म्हनतील?"

"कोण लोकं? धुकं हाय."

"जुन्नरात धुकं न्हाई."

"जुन्नरात डोक्यावर पदर घे. कोन वळखतंय."

"तुमची जीप वळखत्यात की."

"मंग म्हनतील, गेणभाऊनी पाव्हणं बसवलंय."

काकी हसली नाही, पण तिचा ओठ हलला. तिनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी नसतानाही मुद्दाम, आणि चढली. पाटी मांडीवर, नजर खाली. "खाली नगं बघू," गेणभाऊ म्हणाले. "रस्त्याकडं बघ. वळान यायच्या आधी दिसलं पायजे." आणि त्यांनी वीस वर्षांत चालवली नव्हती इतक्या बेतानं जीप सोडली.

मी मागच्या बाकावर आडवं तोंड करून बसलो. ज्यानं तिथं कधी बसून पाहिलं नाही त्याला सांगतो. समोर पत्रा. खिडकीतून रस्ता पुढून येत नाही, बाजूनं पळून जातो. कान सांगतात गाडी वळली, डोळे सांगतात पत्रा जागच्या जागी आहे. दोघांचं भांडण पोटात मिटतं. शिवाय माझ्या खालीच कॅन, त्यातून गरम कांद्याची वाफ. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्याला मला कळलं की काकीच्या आजारावरचं औषध, म्हणजे ती पुढची सीट, मी निघाल्यापासून स्वतःच्या बुडाखाली दाबून बसलो होतो.

जुन्नर यायच्या आत माझ्यासाठी दोनदा गाडी थांबवून झाली. दुसऱ्यांदा काकीनं खिडकीतून मागं हात करून मला आवळ्याची सुपारी दिली.

"गोरख, गंधकाचा वास येतुया का रं?"

माझी तोंड उघडायची सोय नव्हती.

जुन्नरात काकीनं पदर घेतला. जुन्नर संपल्यावर पदर तसाच खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. पुढं मी पाहिलं, काकी हात करून विचारतेय, हे कोणतं गाव, तो कसला कारखाना, त्या डोंगराचं नाव काय. गेणभाऊ सांगत होते. या रस्त्यानं ती जन्मभर आली-गेली होती आणि तिनं तो कधी बघितलाच नव्हता. तोंड पदरात असायचं. घोडेगावला तिनं चहा मागितला. गेणभाऊंनी दोन मागितले. मला कुणी विचारलं नाही.

शिनोलीत शिरताना कॉक डिझेलवर घ्यायचा होता. कॉक काकीच्या पायापाशी होता, मी बाकावर आडवा होतो आणि नियम तीनदा पाठ केलेला माझ्याबरोबरच आडवा होता. त्यामुळं पंचमीच्या दिवशी, जेव्हा सगळ्या गावात एकही कढई चुलीवर नव्हती, उकडलेल्या दिंडांशिवाय घराघरात काही शिजत नव्हतं, तेव्हा कांदाभज्यांचा एक दणदणीत वास आळीच्या तोंडातून आत शिरला आणि त्याच्यामागून आमची जीप.

बाया दारात आल्या. झोक्यावरच्या पोरी उतरल्या.

"कुनाच्यात तळण चाललंय गं आजच्या दिवशी?"

"माझ्यात न्हाई बाई. तुझ्या सुनंला इचार, ती शेरातली हाय."

"माझ्या सुनंचं नाव घिऊ नको, तिला चूल पेटवता येत न्हाई, तळती कशाची?"

बहिरूच्या दारात ठमाबाई खाटेवर बसली होती. तिनंही नाक वर केलं आणि आत ओरडून सुनेला म्हणाली, "कढई ठिवली का गं तू? नणंद याची म्हनून भजी काढती का? आज?" आतून बिचारी सून हात ओले घेऊन बाहेर आली, कढई भिंतीला टांगलेली दाखवायला लागली.

जीप थांबली. पुढचं दार उघडलं. काकी पाटी काखेत धरून उतरली, ताठ, लुगड्याची चुणीसुद्धा मोडली नव्हती, आणि चार पावलं चालून आईसमोर उभी राहिली.

"आई, वयनीला बोलू नको. कढई मीच आणलीया. चार चाकांची."

म्हातारी आधी तिच्या पायांकडं बघत राहिली. मग तोंडाकडं. मग जीपच्या पुढच्या दाराकडं, मग जावयाकडं. जावई रेडिएटरकडं बघत होते.

आळीत मात्र वाद पेटला. तळलेल्या तेलावर गाडी चालवली तर ते तळण धरायचं का नाही. कुणी म्हणालं दोष लागला, गाडीच्या चाकाखाली दूध ओता. कुणी म्हणालं पेट्रोल पंपावर थोडीच भजी करत्यात. बायांनी माझ्याकडं विचारणा केली, कारण बहिरूनं मी सायंटिस असल्याचं सांगितलं होतं. मी मागच्या बाकावरून उठून बसायचा प्रयत्न केला. शेवटी निकाल ठमाबाईनं दिला.

"तळलं साळुबाईनं, कवाच. आज नुसतं जाळलंया. जाळायला बंदी असती तर चूल कशी पेटवली असती? गप बसा." मग जावयाला म्हणाली, "पर गाडी तेवढी वढ्याच्या पल्याड लावा. पोरी झोका सोडून भजी मागाय लागल्यात."

संध्याकाळी काकीनं फेर धरला. मी खाटेवर पडून बघत होतो. तिचा आवाज सगळ्यांत वर जात होता आणि शब्द सगळ्यांत जास्त चुकत होते, कारण मधली बरीच वर्षं गेली होती. ठमाबाई खाटेवरून चुकीचे शब्द सुधारत होती.

दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडं जीप सुरू होईना. तेल नळीत, फिल्टरमध्ये, नोझलमध्ये, सगळीकडं गारठून बसलं होतं. अन्सारभाईंना बूथवरून फोन लावला. ते आधी हसले, मग म्हणाले उद्या येतो, मग परवा आले. येताना फिल्टर आणला आणि माझ्यासाठी एक बुंदीचा लाडू. "भजी नको म्हटलं," ते म्हणाले. तेवढे दिवस गेणभाऊंना सासरी जावई म्हणून बसून राहावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला दिवसभर गाडी नव्हती. ते अवघडून बसायचे, दोन वेळा ओढ्यापलीकडं जाऊन यायचे. काकी मात्र आईचे पाय चेपत, माझ्याकडं बघून म्हणायची, "गोरख, तुझं तेल लई गुणाचं. अजून दोन दिस गोठलं तर बरं."

येताना शुद्ध डिझेलवर आलो. गंधकासकट. काकी पुढं बसली होती आणि तिला काही झालं नाही. गणेशखिंडीत वर आल्यावर तिनं गाडी थांबवायला लावली. मी घाबरलो. ती उतरली, कडेच्या त्याच दगडापाशी गेली, खाली दिसणारं जुन्नर नीट बघून घेतलं आणि परत येऊन बसली.

माझा कॅन पुढं अन्सारभाईंनी काढून टाकला. साळुबाईचं तेल परत गटारात जातं, जीपमागं परत काळा धूर असतो. काकीची ओकारी थांबली, ओतूरच्या हवेची काही थांबली नाही, आणि ते मला अजून खुपतं. पण आता पारावर मी कार्बनबद्दल बोलायला लागलो की कुणीतरी नाक वर करतं आणि विचारतं, "कांदा का बटाटा?"

बाजारच्या दिवशी स्टँडवर मात्र एक फरक झालाय. परवाचंच. शाळेचे गुरुजी सवयीनं पुढचं दार उघडायला गेले. गेणभाऊ जीपला टेकून उभे होते.

"गुरुजी, जरा मागं बसा."

"का? पुढं कोण पाव्हणं हायेत का?"

"हायेत."

गुरुजी मागं चढले आणि माझ्याशेजारी आडवे बसले. काकी बाजारातून पाटी घेऊन आली, पाटी माझ्या हातात दिली, पुढं बसली आणि काच खाली केली. मी गुरुजींना विचारलं, आवळ्याची सुपारी देऊ का. ते म्हणाले, कशाला. मी म्हणालो, घेऊन ठेवा.